लोखंडाचा कस

किस्सी लोकांचा पैसा म्हणजे पीळ दिलेली एक लोखंडी सळई. लांबीला फूट-दीड फूट, जाडीला करंगळीपेक्षा कमी. तिचं एक टोक ठोकून दोन्ही अंगांना पसरवलेलं असतं, त्याला कान म्हणतात. दुसरं टोक चपटं होत होत पात्यासारखं रुंदावतं, तो पाय. मधल्या सगळ्या अंगाला एकसारखा पीळ. राजाचा छाप नाही, देवाचं चित्र नाही, आकडा नाही, अक्षर नाही.

गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या पश्चिम आफ्रिकेच्या जंगलपट्टीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारापर्यंत हा पैसा चालला. किस्सींच्या शेजारच्या लोमा, क्पेले, मेंदे लोकांच्या बाजारातही तो चाले. इंग्रजांनी त्याला 'किस्सी पेनी' म्हटलं, फ्रेंचांनी 'गिंझे'. किरकोळ खरेदीला सुट्या सळया पुरत. गुरं घ्यायची, मुलीचं देज द्यायचं, तर वीस-वीसच्या जुड्या मोजाव्या लागत. या पैशात जीव असतो अशी तिथली धारणा होती. सळई मोडली की तो जीव निघून जातो, आणि तशा सळईला बाजारात कुणी विचारत नाही. मग ती विधी जाणणाऱ्या माणसाकडे न्यायची. त्याने ती सांधून, यथासांग विधी करून जीव परत घातला की सळई पुन्हा चालू. माणूस गेला तर त्याच्या थडग्यावरही या सळया ठेवत.

'जीव असलेला पैसा' ही कल्पना ऐकायला गोड आहे, आणि या नाण्याविषयी लिहिणारे बहुतेक जण तिथेच रमतात. पण क्षणभर लोहाराच्या जागी बसून विचारावं, की नुसत्या कांबीने भागलं नसतं का? लोखंडाला मोल आहे, तर वजन करा आणि द्या. कान काढायला, पाय पसरायला, पीळ घालायला कोळसा जळतो, वेळ जातो, हात दुखतात. एवढा खटाटोप कशासाठी?

गावठी भट्टीतून निघालेलं लोखंड एकजिनसी नसतं. त्यात मळीचे धागे अडकलेले असतात. कुठे ते मऊ असतं, कुठे पोलादासारखं कडक, तर कुठे ठिसूळ. त्याची सरळ कांब ठोकली तर हे सगळे दोष पोटात घालून ती साळसूदपणे उभी राहते. टोक पातळ करायला घेतलं की मात्र वाईट लोखंडाच्या कडा फाटतात. पीळ द्यायला घेतला की जिथे मळीची रेघ असेल तिथे सळई उकलते. म्हणजे न फाटलेला कान, न चिरलेला पाय आणि एका लयीत गेलेला पीळ हे तिन्ही मिळून सांगतात की हा धातू तावून सुलाखून निघालेला आहे. आपल्याकडे रुपया फरशीवर वाजवून घेत. किस्सींनी वाजवण्याचं ते काम आकारावरच सोपवलं होतं. बाजारातल्या बाईने सळईवरून नुसती नजर फिरवली तरी परीक्षा पुरी. मोडलेल्या सळईतून जीव जातो या समजुतीतही मग मला भाबडेपणा दिसत नाही. जी मोडली तिच्या पोटात खोट असणार, हा रोकडा हिशेबही त्या श्रद्धेत सामावलेला आहे.

आफ्रिकेतल्या लोखंडी अवजारांच्या, हत्यारांच्या आणि पैशाच्या सौंदर्याची किल्ली मला या सळईत सापडते. जे अंग कामासाठी अनावश्यक वाटतं, नेमकं तेच तिथे धातूची आणि हाताची साक्ष देतं. नक्षी म्हणजे कस.

या कसाला एवढं मोल का, हे भट्टीपाशी गेल्याशिवाय कळत नाही. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. आफ्रिकेतल्या जुन्या भट्ट्यांत लोखंड वितळवायचं नसेच. बाराशे अंशांच्या आसपास दगडातला नको तो भाग मळी होऊन वाहू लागतो आणि मागे राहतो लोखंडाचा खडबडीत, भोकाभोकांचा गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून, घणाखाली घालून, आतली मळी पिळून काढावी तेव्हा कुठे कामाचं लोखंड हाती येतं. ही विद्या जुनी आहे. बुर्किना फासोमधली लोहभट्ट्यांची पाच स्थळं २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांतल्या दुरुला इथल्या खुणा इसवीसनपूर्व आठव्या शतकापर्यंत मागे जातात.

टांझानियाच्या वायव्य कोपऱ्यात, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला, हाया लोक राहतात. परदेशी लोखंड स्वस्तात मिळू लागल्यावर त्यांच्या भट्ट्या विझल्या होत्या. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ पीटर श्मिट यांनी तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना गाठलं, आणि त्यांनी तरुणपणी पाहिलेली, केलेली भट्टी आठवणीवर पुन्हा उभी केली. वारुळाची माती भट्टीला. तळाच्या खड्ड्यात पाणथळीतलं गवत जाळून भरलेलं. भात्यांच्या मातीच्या नळ्या भट्टीच्या पोटात खोल घुसवलेल्या, म्हणजे वारा आत पोचेपर्यंत नळीतच तापावा. श्मिट आणि धातुशास्त्रज्ञ डोनाल्ड एव्हरी यांनी १९७८ साली 'सायन्स' नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं. नळीतला वारा खरोखर किती तापतो यावर पुढे अभ्यासकांत बरीच जुंपली. पण वारूळ, गवत आणि नळी यांचा हा मेळ कुणी एका दिवसात बसवलेला नव्हे, एवढं त्या वृद्धांच्या हातांनी दाखवून दिलं.

भट्टीभोवती सोवळंही कडक असे. अनेक जमातींत भट्टी म्हणजे स्त्री. अंगोला आणि झांबियाकडच्या काही भट्ट्यांना मातीचे स्तन काढलेले आहेत. भट्टीतून गोळा निघणं म्हणजे बाळंतपण. भट्टी पेटलेली असताना पुरुषांनी बायकांपासून दूर राहायचं, आणि पाळी चालू असलेल्या बाईने तर आसपासही फिरकायचं नाही. युजीनिया हर्बर्ट यांनी १९९३च्या आपल्या ग्रंथात या चालीरीतींचा नीट उलगडा केला आहे. जन्म देण्याची ताकद बायकांकडून उसनी घ्यायची आणि बायकांनाच कुंपणाबाहेर ठेवायचं, हा पुरुषी कावा त्यात आहेच. पण ज्या कामात कित्येक दिवसांचा कोळसा, दगड आणि घाम एका रात्रीत फुकट जाऊ शकतो, तिथे माणूस बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखा का बसत असेल, हेही समजतं.

या लोखंडाची कीर्ती समुद्रापारही गेली होती. अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथात लिहिलं आहे, की पूर्व आफ्रिकेच्या सोफाला किनाऱ्यावरचं लोखंड हिंदुस्थानात जातं आणि तिथले लोहार त्याच्या उत्तम तलवारी करतात. आपल्या तलवारींचं कौतुक करताना हा धागा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता हत्याराकडे वळू. मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांचं क्पिंगा हे फेकून मारायचं पातं युरोपी प्रवाशांनी पाहिलं तेव्हा त्यांची बोबडी वळली. एकाच लोखंडी तुकड्यातून मूठ, दांडा आणि वेगवेगळ्या दिशांना झेपावणारी पाती निघालेली. मुठीला वनस्पतीच्या धाग्यांचा घट्ट वेढा. मुठीच्या जरा वर एक आखूड फाटा. तो पुरुषलिंगाचं प्रतीक मानला जाई. त्यावर बाजूला निघालेलं रुंद पातं, आणि शेंड्याला उलट दिशेने वळलेलं आणखी एक. योद्धा ही पाती ढालीच्या आतल्या बाजूला अडकवून नेई. फेकलं की ते गरगरत जाई, आणि कुठलंही टोक पुढे आलं तरी धार लागेच. मात्र हे कुणीही उठून लोहाराकडून करून घ्यावं असं हत्यार नव्हतं. राज्यकर्त्या अवुंगारा कुळाच्या देखरेखीखाली ते घडे आणि निवडक योद्ध्यांना मिळे. देजातही त्याचा मान असे.

पुस्तकातल्या चित्रांत क्पिंगाची फक्त बाह्यरेषा दिसते, आणि ती इतकी नाट्यमय आहे की तिच्यावरच नजर खिळते. खरी करामत आहे पात्याच्या जाडीत. मध्य आफ्रिकेतल्या पुष्कळ पात्यांची आणि भाल्यांची एक ठेवण आहे. पात्याच्या मधोमध रेघ धरली, तर समोरून त्याचा एक अर्धा भाग खोलगट केलेला असतो. पातं उलटावं, तर खोलगट असतो उरलेला अर्धा. पातं आडवं कापलं तर त्या कापाला नागमोडी वळण दिसेल. या युक्तीने थोड्या लोखंडात पात्याला ताठपणा येतो आणि ते वजनाला हलकं राहतं. जिथे लोखंडाचा कण न् कण भट्टीशी झुंजून मिळवलेला आहे, तिथे ही काटकसर मोलाची. पण डोळ्यांना त्यातून आणखी काही मिळतं. प्रकाश पडला की पात्याचा एक अर्धा भाग उजळतो, दुसरा अंधारात जातो, आणि मधली रेघ सुरीने आखावी तशी उमटते. पातं किंचित कलवलं की ऊन आणि सावली जागा बदलतात. हवेत गरगरणाऱ्या पात्यावर हे किती वेगाने होत असेल! लोहाराने हा खेळ मुद्दाम साधला की काटकसरीतून तो आपसूक आला, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. घणाचा प्रत्येक घाव दुसऱ्या बाजूला काय करतो हे ज्याला कळतं, त्याला उजेड कुठे पडणार हेही कळत असतं.

दोन पाती जिथे दांड्याला फुटतात त्या बेचक्याकडेही पाहावं. मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त तिथे. कच्चा लोहार तिथे जास्त लोखंड ठेवून सुरक्षित खेळला असता. चांगल्या क्पिंगात बेचकं सफाईदार वळणाने निमुळतं होत जातं, आणि तरी ते तुटत नाही. सळईच्या पिळाची जी कसोटी, तीच इथेही लागू पडते. नाण्यात ती बाजारासाठी होती, इथे रणांगणासाठी.

अवजार, हत्यार आणि पैसा यांच्या वेगळ्या पेट्या संग्रहालयांनी केल्या. तिथल्या व्यवहारात त्यांची सतत सरमिसळ होती. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेऑर्ग श्वाइनफुर्ट १८६९-७०च्या सुमारास दक्षिण सुदानमधल्या बाहर-अल-गझल भागात हिंडत होता. बोंगो लोकांच्या लोहारकामाचं त्याने केलेलं वर्णन आजही वाचनीय आहे. त्यांच्याकडे भाल्याची पाती पैसा म्हणून चालत, आणि कुदळीच्या पात्यापासून निघालेली लोखंडी तबकडीही. ही तबकडी २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची, एका बाजूला आखूड देठ, समोरच्या बाजूला जहाजाच्या नांगरासारखा फाटा. आकारावरून कूळ कळतं, पण तिने जमीन खणावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते. अवजार कामातून निवृत्त होऊन प्रतिष्ठित झालेलं.

याची परिसीमा काँगो नदीकाठी, आजच्या किसांगानीच्या परिसरात. तिथल्या लोकेले, तुरुंबू वगैरे लोकांचं लिगांदा हे चलन म्हणजे भाल्याचं पातं. पण केवढं? माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारं. हा भाला कुणी उचलणार नाही, फेकणार नाही. देजासारख्या मोठ्या देण्याघेण्यात तो जाई. लिगांदासमोर उभं राहिल्यावर आधी त्याचा भव्यपणा भिडतो, मग हळूहळू त्याचा पातळपणा. पाच फुटी पातं एका दमात तापवता येत नाही. हातभर अंतर तापवायचं, ठोकायचं, मग पुढचं. एक भाग ठोकताना आधी ठोकलेला वाकतो, तो पुन्हा सरळ करायचा. दोन्ही बाजूंची रुंदी सारखी राहिली पाहिजे आणि मधला कणा ढळता कामा नये. पातं जेवढं मोठं तेवढ्या चुका करायला जागा, आणि चूक झालीच तर ती दुरूनही दिसणार. भाल्याचा आकार तिथे कौशल्याची जाहीर परीक्षा होऊन बसला आहे. शिवाय गरज पडली तर तेच लोखंड पुन्हा भट्टीत घालून त्याच्या कुदळी करता येतात. असा पैसा आयुष्यभर मिरवतो आणि अडीनडीला शेतावर उतरतो.

लोखंडाचा हा मान राजसत्तेलाही हवा होता. काँगोतल्या कुबा राज्यात राजांच्या लाकडी बैठ्या मूर्ती घडवत. प्रत्येक राजासमोर त्याची अशी एक खूण कोरलेली असते. ब्रिटिश म्युझियममधल्या एका मूर्तीत म्बोप पेल्येंग या राजासमोर चक्क ऐरण आहे. राजा असून लोहार, किंवा लोहार म्हणूनच राजा, अशी ती ऐट. याच घराण्यातल्या श्याम या सतराव्या शतकातल्या राजाविषयी कुबांनी हंगेरियन मानववंशशास्त्रज्ञ एमिल टोर्डे याला १९०८च्या सुमारास एक परंपरा सांगितली. श्यामने शोंगो, म्हणजे फेकायचं पातं, लढाईतून बाद केलं आणि त्याऐवजी इकुल हा शांततेचा सुरा रूढ केला. इकुलचं पातं रुंद पानाच्या आकाराचं, मूठ लाकडी, शेवटी गोल चकती. काही इकुल तर संपूर्ण लाकडाचे असतात. कंबरेला लावून मिरवायचा सुरा, ज्याने कुणाचं रक्त सांडणार नाही. बोंगोंची तबकडी शेतातून निवृत्त झाली, तसा हा सुरा रणातून. फरक एवढाच की इथे निवृत्ती राजाज्ञेने आली.

कस दाखवण्याचा सोस कधी कधी वाहवतही जातो. काँगोतल्याच सोंग्ये लोकांची, त्यातही न्सापो गटाची कुऱ्हाड पाहा. दांड्याला तांब्याचा पत्रा मढवलेला. पातं भरीव नाही. लोखंडी दांड्यांची जाळी, काही दांड्यांना पीळ, आणि जागोजागी छिन्नीने कोरलेले माणसांचे इवलेसे चेहरे. काही कुऱ्हाडींवर चेहऱ्यांची नुसती दाटी झालेली आहे. सफाई थक्क करणारी आहे आणि सरदाराच्या खांद्यावर ती शोभलीही असेल. तरी मला ती मैफलीत सलग ताना मारणाऱ्या गवयाची आठवण करून देते. क्पिंगाच्या बेचक्यात जोखीम होती आणि तिच्याविषयी मौनही होतं. या कुऱ्हाडीत जोखीम स्वतःच टाळ्या मागते.

पुढे समुद्रामार्गे युरोपी लोखंड येऊ लागलं. पश्चिम किनाऱ्यावर सतराव्या-अठराव्या शतकापासूनच तयार लोखंडी कांबा जहाजांतून उतरत होत्या. भट्ट्या हळूहळू विझल्या. लोहार राहिले, पण दुसऱ्याच्या लोखंडावर. मग कस दाखवायचा तो कशाचा? या प्रश्नाचं एक उत्तर पॅरिसच्या लूव्रमध्ये उभं आहे. आजच्या बेनिन देशातल्या दाहोमे राज्यात १८५८च्या सुमारास अकाती एक्प्लेकेंदो या लोहाराने घडवलेली गू या देवाची ही मूर्ती. गू लोखंडाचा आणि युद्धाचा देव. १८९४ साली एका फ्रेंच अधिकाऱ्याने ती विदाहहून उचलून नेली. बेनिनला २०२१ साली फ्रान्सकडून २६ वस्तू परत मिळाल्या, त्यांत ती नव्हती.

गू माणसाच्या उंचीचा आहे आणि बहुतांशी युरोपातून आलेल्या भंगार लोखंडाचा आहे. अंगरखा म्हणजे पत्रा. पत्रे वाकवले, जोडले, रिव्हेटांनी ठोकले आणि देव पुढे पाऊल टाकून चालू लागला. त्याच्या शरीराला पुष्टता नाही, भार नाही. पत्र्याची जाडी हीच त्याची त्वचा. कवी आपोलिनेरला या मूर्तीने वेड लावलं होतं, आणि युरोपी शिल्पकार पत्रे जोडून शिल्प करायला लागण्याच्या कितीतरी आधी हे घडलेलं आहे. खरी मेख देवाच्या डोक्यावर आहे. त्याच्या टोपीच्या गोल पत्र्यावर लोखंडी अवजारांच्या आणि हत्यारांच्या चिमुकल्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. धातू परका, पण त्यातून काय काय होतं याची सगळी यादी आपली. भट्टी हातची गेली तरी या लोहाराने कस दाखवला तो कल्पनेचा.

या सगळ्या वस्तू युरोपात पोचल्या त्या बहुधा भिंतीवर पंख्यासारख्या मांडायला, नाहीतर सिद्धांताला पुरावा म्हणून. जनरल पिट-रिव्हर्स यांनी आपला संग्रह आकारांच्या वंशावळीत लावला. साध्यापासून गुंतागुंतीच्याकडे अशी ओळ धरली की मानवी प्रगतीचा जिना दिसतो, असा त्यांचा सिद्धांत. तो संग्रह १८८४ साली ऑक्सफर्डला मिळाला. अशा ओळीत उभं केलं की प्रत्येक पातं शेजारच्या पात्याचा फक्त नातेवाईक उरतं. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियममध्ये भरलेल्या आणि पुढे वॉशिंग्टन, पॅरिसला गेलेल्या 'स्ट्रायकिंग आयर्न' या प्रदर्शनाने ही मोडतोड बरीच दुरुस्त केली. त्याच्या मुख्य संयोजकांत टॉम जॉइस हा स्वतः लोहारकाम करणारा कलावंत होता, हा योगायोग नव्हे.

संग्रहालयाच्या पाटीवर जमात, प्रदेश, साल आणि उपयोग लिहिलेला असतो. लोहाराचं नाव बहुतेक वेळा नसतं. एक्प्लेकेंदो हा विरळा भाग्यवान. म्हणून त्या पाटीत नसलेला एक प्रश्न रसिकाने आपणच विचारावा, की इथे लोहाराने धोका कुठे पत्करला? कुठे धातू इतका ताणला, की वाईट असता तर दगा देता? कधी तो बेचक्यात सापडेल, कधी पाच फुटी पात्याच्या कडेला, कधी मधल्या रेघेच्या दोन बाजूंना. जागा सापडली की ती वस्तू नुसती विचित्र किंवा भीषण राहत नाही. कुणीतरी जाणत्याने, तितक्याच जाणत्या गिऱ्हाइकासमोर, पैजेवर केलेलं काम म्हणून ती उलगडते. अशी गिऱ्हाइकं होती म्हणूनच असे लोहार झाले. ती पारख संपली, आणि भट्ट्यांच्या विझण्याइतकंच या कलेचं नुकसान त्यानेही केलं.